सीक्वेल निम्मा झालाय आणि क्रिएटिव्ह डायरेक्टर बदलतोय. नेमकं काय काय हलतं?

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. पणजीत आमची चार जणांची टीम आहे. पहिला गेम टूडी कोडी-प्लॅटफॉर्मर (उड्या मारत, कोडी सोडवत पुढे जायचा) होता, खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातला. खऱ्या मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचंच तत्त्व वापरलंय: भरतीचं पाणी बाहेरून रेटा देऊन दार लावतं, ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं. गेममध्ये भरती-ओहोटीचा एक फेरा ९० सेकंदांचा. दार कधी उघडेल ते बघून खेळाडू बांधावरून वाट काढतो. शत्रू नाहीत, मारामारी नाही.

सीक्वेलच्या १४ लेव्हलपैकी ६ पूर्ण आहेत, ५ ग्रेबॉक्समध्ये (नुसत्या ठोकळ्यांच्या कच्च्या रूपात), ३ कागदावर. हे सगळं ज्याच्या डोक्यातून आलं तो क्रिएटिव्ह डायरेक्टर महिनाअखेरीस बंगळुरूला चाललाय, भांडण वगैरे काही नाही. त्याची जागा आमचीच अ‍ॅनिमेटर घेतेय आणि तिला थोडी लढाई घालायची आहे. मोठ्या गेममध्ये असे बदल झाले तेव्हा प्रत्यक्ष खेळात काय बदललं आणि कशामुळे? आणि आमच्यासारख्यांनी त्यातून काय उचलावं? ‘व्हिजन बदलते’ असलं मोघम उत्तर नको.

पेडणे_पिक्सेल
माणूस कोण बदलला यापेक्षा कधी बदलला ते आधी बघा. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हिदेआकी इत्सुनो. पहिला ‘डेव्हिल मे क्राय’ (२००१) हिदेकी कामियाचा. दुसऱ्या भागात (२००३) कामिया नव्हताच. काम दुसऱ्याच दिग्दर्शकाकडे होतं आणि ते विस्कटल्यावर शेवटच्या टप्प्यात कॅपकॉम या कंपनीने इत्सुनोला आत ढकललं. लेव्हल, शत्रू, शस्त्रं बहुतेक सगळं झालेलं. त्याच्या हातात उरलं ते जोडकाम. परिणाम खेळताना दिसतो: पिस्तुलं इतकी भारी की लांब उभं राहून बटण दाबत राहिलं तरी बऱ्याच मारामाऱ्या निघून जातात, शत्रू सुस्त, मैदानं मोठी आणि रिकामी. एक बॉस तर हेलिकॉप्टर आहे, त्याच्यापुढे तलवार घेऊन काय करणार?

तिसरा भाग (२००५) त्याच इत्सुनोने पहिल्या दिवसापासून केला आणि मालिकेतल्या सर्वोत्तम खेळांत तो धरला जातो. माणूस तोच. एकदा शिजलेल्या भांड्यात हात घातला, एकदा चूल त्याने स्वतः पेटवली.

उशिरा बदल करून सावरलेलं उदाहरणही आहे, पण किंमत बघा. ‘अनचार्टेड ४’मधून एमी हेनिग मार्च २०१४ मध्ये बाहेर पडली, नील ड्रकमन आणि ब्रूस स्ट्रेली आले. नायकाच्या भावाच्या, सॅमच्या भूमिकेतला नट बदलला, आणि आठ महिन्यांचं चित्रीकरण टाकून दिल्याचं नायकाचं काम करणाऱ्या नोलन नॉर्थने जाहीरपणे सांगितलंय. गेम आला मे २०१६ मध्ये. सोनीसारखा धनी पाठीशी असेल तर आठ महिने टाकता येतात. तुमच्याकडे सहा तयार लेव्हल आहेत, त्यातल्या किती टाकायची तयारी आहे? हा आकडा आधी कागदावर लिहा.

फर्मागुडी_फ्रेम्स
वेळेचा मुद्दा मान्य. पण प्रश्न ‘खेळात काय बदललं’ असा आहे, म्हणून ‘डार्क सोल्स २’ (२०१४) घेतो. पहिल्या भागाचा (२०११) दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. दुसऱ्या भागाच्या वेळी तो ‘ब्लडबोर्न’मध्ये अडकलेला, इथे फक्त देखरेखीपुरता. दिग्दर्शक तोमोहिरो शिबुया आणि युई तानिमुरा. मध्येच कामाची घडी मोडून पुन्हा बसवावी लागली, शेवट तानिमुराने गाठला.

आता नेमका बदल. पहिल्या भागात एका बॉनफायरवरून (विसाव्याची शेकोटी) दुसऱ्याकडे थेट उडी मारणं अर्धा गेम झाल्यावरच मिळतं. तोपर्यंत सगळं पायी. म्हणून लेव्हल एकमेकांत विणाव्या लागल्या: लिफ्ट, मागच्या बाजूने उघडणारी दारं, फिरून पुन्हा फायरलिंक या मधल्या ठिकाणी येणं. दुसऱ्या भागात ही उडी सुरुवातीपासून. एकच सोय, पण तिने शॉर्टकटची गरजच मारली. मग माजुला हे मधलं गाव आणि तिथून फुटणाऱ्या लांबलचक वाटा असा नकाशा झाला. अर्दन पीक या पवनचक्कीच्या माथ्यावरून लिफ्ट वर जाते आणि तुम्ही लाव्हारसात उभ्या असलेल्या किल्ल्यात पोचता. बाहेरून बघितलं तर वर आकाशच आहे! लोक यावर आजही हसतात. पायी चालणं सक्तीचं असतं तर हे जोडकाम टीममध्येच कुणाला तरी खटकलं असतं.

दुसरं, लोळून मार चुकवणं. पहिल्या भागात ते अंगावरच्या ओझ्यावर चालायचं. दुसऱ्यात अ‍ॅडॅप्टॅबिलिटी नावाचा आकडा आला, तो अ‍ॅजिलिटी वाढवतो, आणि अ‍ॅजिलिटी कमी असेल तर अ‍ॅनिमेशन तसंच दिसतं पण मार न लागणाऱ्या फ्रेम कमी. डोळ्यांना कळत नाही, म्हणून खेळाडू गेमला शिव्या देतो. कल्पना टाकाऊ नव्हती, ती दिसेल अशी केली नाही एवढंच.

यातून तुमच्यासाठी: जुन्या दिग्दर्शकाचे आकडे फाइलमध्ये राहतात, आकड्यामागचं कारण त्याच्याबरोबर जातं. ९० सेकंदच का? माझा अंदाज, दार उघडायची वाट बघताना कंटाळा येऊ नये आणि चुकलं तर लगेच पुन्हा करता यावं म्हणून. आता यात लढाई घाला. खेळाडूची नजर शत्रूच्या हातावर, पाण्याकडे कोण बघणार? तो लढत असताना पाणी चढतं आणि बुडतो. त्याला हा अन्याय वाटणार. मग कुणीतरी म्हणेल, फेरा १८० सेकंदांचा करू. केलात की सहाही तयार लेव्हलमध्ये वाट बघणं दुप्पट, कोडी आळसावली. मग म्हणाल, लढाई चालू असताना पाणी थांबवू. म्हणजे खेळाडू मुद्दाम एक शत्रू जिवंत ठेवून पाणी थोपवून धरणार. एक आकडा हलवला की सगळी साखळी हलते.

खर्चही मोजा. सहा शत्रू, प्रत्येकाला उभं राहणं, चालणं, सावध होणं, हात उगारणं, वार, मार खाणं, मरणं अशी सात अ‍ॅनिमेशन: ४२. प्रत्येकी १२ चित्रं धरली तर ५०४. पाण्यात चालणं, वार आणि मार खाणं वेगळं हवं असेल तर शत्रूमागे दहा, म्हणजे ७२० चित्रं. आणि जी काढणार तीच आता दिग्दर्शक. ती लेव्हल कधी बघणार?

मडगाव_मोड
वरचं सगळं वाचून असं वाटेल की नवा दिग्दर्शक म्हणजे साडेसाती. तसं नाही. ‘बायोशॉक २’ (२०१०) केन लेविनचा नाही, टूके मरिनमध्ये जॉर्डन थॉमसने केला. पहिल्यात शस्त्र आणि प्लाझ्मिड (टोचून घेतलेली अद्भुत शक्ती) यांची अदलाबदल करावी लागायची, दुसऱ्यात दोन हातांत दोन्ही एकाच वेळी. पहिल्यात हॅकिंग सुरू केलं की जग थांबून नळ्या जोडायचं कोडं यायचं. दुसऱ्यात काटा सरकतो आणि तेवढ्यात शत्रू गोळ्या घालत असतो. कथेबद्दल वाद घाला हवा तर, हाताला दुसरा भागच जास्त चांगला लागतो. आणि थॉमस परका नव्हता, पहिल्या भागातली फोर्ट फ्रॉलिक ही लेव्हल त्याचीच.

‘गॉड ऑफ वॉर’मध्ये तर दिग्दर्शक बदलणं हा रिवाजच: २००५ डेव्हिड जॅफी, २००७ कोरी बार्लोग, २०१० स्टिग अस्मुसेन, २०१३ टॉड पापी, २०१८ पुन्हा बार्लोग, २०२२ एरिक विल्यम्स. बार्लोग पहिल्या भागात अ‍ॅनिमेशनचा प्रमुख होता. विल्यम्स कितीतरी वर्षं त्याच मालिकेच्या लढाईवर काम करत होता. २०१८ चा कट न घेणारा कॅमेरा विल्यम्सने २०२२ मध्ये तसाच ठेवला, मोडायची खुमखुमी दाखवली नाही. तुमची अ‍ॅनिमेटर घरचीच आहे, ही जमेची बाजू धरा.

मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते ‘डायाब्लो ३’. जे विल्सनने २०१३ च्या सुरुवातीला जागा सोडली, जॉश मोस्केरा आला. त्याने लिलावघर (खेळाडू आपसांत वस्तू विकायचे ते) मार्च २०१४ मध्ये बंद केलं, वस्तू पडायची पद्धत पालटली, त्याच महिन्यात ‘रीपर ऑफ सोल्स’ आलं. धाडस वाटतं ना? पण त्याआधी कन्सोल आवृत्ती त्याच्याच हाताखाली झाली होती. तिच्यात लिलावघर नव्हतं, आणि वस्तू कमी पण कामाच्या पडायच्या. म्हणजे बदल आधी बाजूच्या घरात राबवून बघितला होता.

उलट टोकाला ‘ब्लडलाइन्स २’, पिशाच्चांचा गेम. २०१९ मध्ये घोषणा, ऑगस्ट २०२० मध्ये कथालेखक ब्रायन मित्सोडा आणि क्रिएटिव्ह डायरेक्टर दोघांनाही काढलं, २०२१ मध्ये स्टुडिओच बदलला, गेम आला ऑक्टोबर २०२५ मध्ये. आधीचा नायक नवखा, दुबळ्या रक्ताचा. आताचा शेकडो वर्षांचा बलाढ्य पिशाच्च. नायकाची ताकद बदलली की शत्रू, बक्षिसं, संवादातला रुबाब सगळंच नव्याने. याला सीक्वेल म्हणायचं की त्याच नावाचा तिसराच गेम, तुम्हीच ठरवा.

मांडवीकाठ
देव बरें करूं सगळ्यांना. फर्मागुडी_फ्रेम्सबाब, ९० सेकंदांमागचं कारण विचारलं. तुमचा अंदाज अर्धा बरोबर. दुसरं कारण संगीत: घुमटाचा (आमच्याकडचं मातीचं तालवाद्य) ठेका ९० सेकंदांच्या लूपवर बांधलाय आणि दार उघडायच्या आधी चार ठोके बदलतात. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, त्याला विचारलं तेव्हा कळलं! तो अजून तीन आठवडे इथे आहे. या दिवसांत त्याच्याकडून काय काय काढून घ्यावं?

साळ_काठचा
घुमटाचा ठेका एका फटक्यात सापडला, तसे अजून डझनभर असणार. डिझाइन डॉक्युमेंट लिहायला सांगू नका, ते कुणी वाचत नाही. त्याऐवजी असं करा.

पहिल्याच दिवशी चालणारा बिल्ड (गेमची खेळता येणारी आवृत्ती) गोठवा, गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) टॅग लावा आणि सहाही लेव्हलचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढा. पुढे सहा महिन्यांनी ‘आधी बरं लागायचं’ असा वाद होणारच. तेव्हा आठवणीवर भांडण्यापेक्षा दोन्ही बिल्ड शेजारी लावून खेळता येतं.

मग त्याला लेव्हल खेळायला बसवा, दुसऱ्याने शेजारी बसून फक्त ‘हे असं का’ विचारायचं. आवाज आणि स्क्रीन दोन्ही रेकॉर्ड. एका लेव्हलला तासभर लागेल. त्यातून एकच तक्ता बनवा: आकडा, तो कुठल्या फाइलमध्ये आहे, का, आणि हलवला तर काय मोडतं. उडीची उंची, पाण्याचा वेग, कडेवरून पाय सुटल्यावरही उडी लागू द्यायची मुभा. ‘सेलेस्ट’च्या करणाऱ्यांनी खेळाडूचा कोड खुला केलाय, त्यात ही मुभा एक दशांश सेकंद आहे. तुमची किती? शून्य पूर्णांक एक दोन लिहिलं असेल तर ते दोन शतांश कुठल्या लेव्हलसाठी वाढवले ते त्यालाच ठाऊक.

यापेक्षाही मोलाचं म्हणजे त्याने कशाकशाला नाही म्हटलं त्याची यादी. पहिल्या गेममध्ये शत्रू नव्हते ते सुचलं नाही म्हणून, की करून बघून काढले? करून बघितले असतील तर ती जुनी ब्रँच (गिटमधली वेगळी शाखा) शोधा, तुमच्या नव्या दिग्दर्शिकेचं निम्मं काम तिथे आयतं मिळेल. ‘नाही’ची कारणं कुठल्याच फाइलमध्ये नसतात. नवा माणूस येतो, तीच कल्पना मांडतो, सगळे माना डोलावतात.

शेवटच्या आठवड्यात कंटाळवाणी कामं: गेम विकायचं स्टीमचं खातं, गिटची मालकी, फाँटचे परवाने, घुमट वाजवणाऱ्याशी झालेला लेखी करार. यातलं एखादं त्याच्या खासगी ईमेलवर असतंच.

लढाईबद्दल: तयार लेव्हलना हात लावू नका. कागदावरच्या तीनपैकी एक घ्या, १० ते १५ मिनिटांची, एकच शत्रू, त्याची चित्रं साधे चौकोन. गेम कधीच न पाहिलेल्या पाच-सहा जणांना बसवा आणि दोनच गोष्टी टिपा: पाण्याने किती मरण, शत्रूने किती. पाण्याने झालेल्या मरणांपैकी बहुतेक लढताना झाली असतील तर फर्मागुडीवाल्यांनी सांगितलेली साखळी सुरू झाली समजा.

पेडणे_पिक्सेल
एक जोड. गेलेला दिग्दर्शक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सल्लागार’ म्हणून राहणार असेल तर आत्ताच ठरवा: तो विचारलं तरच बोलेल आणि अंतिम शब्द तिचा. नाहीतर प्रत्येक लेव्हलला दोन पात्रांव (मालक), आणि कोडरला कुणाचं ऐकायचं ते कळत नाही. नव्या दिग्दर्शिकेनेही पहिल्या दिवशी बदलांची यादी टांगू नये. ‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन गेमचं उदाहरण बघा. डिसेंबर २०१० मध्ये नाओकी योशिदाकडे कोसळलेला गेम आला. त्याने जुना चालू ठेवून त्यात दुरुस्त्या केल्या आणि शेजारी नवा बांधला, तो ऑगस्ट २०१३ मध्ये आला. चार जणांना दोन गेम झेपणार नाहीत, पण दोन ब्रँच झेपतात.

मांडवीकाठ
जुनी ब्रँच सापडली. त्यात खेकडा आहे, तोही मारायचा नाही: भरतीला तो दारात अडकतो आणि दार पूर्ण लागत नाही. याला लढाई म्हणायचं का?

फर्मागुडी_फ्रेम्स
म्हणा की. खेकड्याला हुसकायला खेळाडूला पाण्याकडेच बघावं लागतं, म्हणजे नजर फुटत नाही आणि ९० सेकंद तसेच राहतात. चित्रंही कमी: उभं, चालणं, अडकणं, सुटणं. चार गुणिले बारा, ४८. चाचणीच्या लेव्हलमध्ये आधी हाच टाका, आणि ते चार ठोके खेकडा अडकल्यावर वेगळे वाजतील का ते घुमटवाल्याला आत्ताच विचारून ठेवा.