‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ला मराठीत काय म्हणायचं?

अर्धविराम: सोर्सवरून (मूळ कोडवरून) सॉफ्टवेअर बांधण्याची मार्गदर्शिका मराठीत करतोय. त्यात लिंकर (भाषांतरित तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’ अशी चूक दाखवतो; एसक्यूआरटी हे वर्गमूळ काढणारं फंक्शन. या ओळीला ‘अपरिभाषित संदर्भ’ लिहिलं, तर तपासणाऱ्याने त्यावर काट मारली. मग काय लिहू?

काना_मात्रा: काट योग्यच आहे. ‘परिभाषा’ म्हणजे डेफिनिशन हे हिंदीत. मराठीत परिभाषा म्हणजे एखाद्या शास्त्राची शब्दावली, म्हणून तर आपण ‘पारिभाषिक शब्द’ म्हणतो. डेफिनिशनला आपला शब्द ‘व्याख्या’. ‘अव्याख्यात’ करा.

शून्यवजाएक: पण इथे व्याख्या नाहीये म्हणून कुठे अडलंय? मॅथ.एच या हेडर फाइलमध्ये फंक्शनची घोषणा असते, तेवढ्यावर कंपायलर (कोडचं यंत्रसंकेतात भाषांतर करणारा) खूश. प्रत्यक्ष यंत्रसंकेत लिबएम या गणिताच्या लायब्ररीत. लिंकर तो शोधतो आणि नावाच्या जागी त्याचा पत्ता भरतो. ‘संदर्भ’ही नको, त्याने संदर्भग्रंथ आठवतात. सरळ ‘नावाचा पत्ता लागला नाही’ लिहा. पत्ता हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी बसतो.

खटपट्या: त्यातून वाचणारा लायब्ररीच नाही असं समजेल. ती चूक वेगळी, ‘कॅनॉट फाइंड -एलझेड’, म्हणजे लिबझेड ही लायब्ररी सापडली नाही. डेबियन-उबुंटूवर झेडलिब१जी-डेव्ह पॅकेज टाकलं की ती जाते. लिबझेड.एसओ.१ मशीनवर असूनही ती येते, कारण लिंकरला लागणारं लिबझेड.एसओ हे नुसतं नाव डेव्ह पॅकेजातूनच येतं.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’मध्ये बहुतेकदा क्रम चुकलेला असतो. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. स्टॅटिक लायब्ररी (जिचा कोड प्रोग्रॅममध्येच उतरतो) आली की तोवर थकीत असलेल्या नावांपुरतंच उचलतो, मागे वळत नाही. म्हणून ‘जीसीसी -एलएम मेन.सी’ नको, ‘जीसीसी मेन.सी -एलएम’ हवं; जीसीसी हा कंपायलर, -एलएम म्हणजे लिबएम जोड. उबुंटूवर ‘अ‍ॅज-नीडेड’ (गरज असेल तरच जोड) आपोआप लागू असल्याने शेअर्ड लायब्ररीचीही (प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी) तीच गत. आणि तपासताना एसक्यूआरटी(२.०) लिहू नका. जीसीसी ते उत्तर स्वतःच काढून ठेवतो, लिंकरपर्यंत नाव पोचतच नाही आणि सगळं ठीक वाटतं. आकडा वापरणाऱ्याकडून घ्या.

काना_मात्रा: ‘थकीत नावं’ झकास! मग ‘थकीत उल्लेख’च का नको?

शून्यवजाएक: थकीत म्हणजे पुढे कधीतरी फिटेल. इथे वसुली संपलेली असते, म्हणजे ‘बुडीत’.

खटपट्या: सी++ मध्ये सी ची लायब्ररी जोडताना नाव असूनही ही चूक येते. सी++ चा कंपायलर नावाला इनपुटचे प्रकारही चिकटवतो. एनएम (फाइलमधली नावं दाखवणारी आज्ञा) चालवून बघा. मेन.ओ या भाषांतरित फाइलमध्ये ‘यू _झेड३अ‍ॅडआयआय’, लायब्ररीत ‘टी अ‍ॅड’. यू म्हणजे हवंय, टी म्हणजे इथे आहे. ३ ही नावातली अक्षरं, दोन आय म्हणजे दोन इंट. हेडरमधली घोषणा एक्स्टर्न "सी" मध्ये (म्हणजे नाव सी सारखं साधंच ठेव) घातली की नावं जुळतात. याला ‘बुडीत’ कसं म्हणणार?

काना_मात्रा: जुळतात! लिंकरला ‘जुळारी’ म्हणा. छापखान्यात खिळे जुळवायचा तोच.

सांधेवाला: जुळारी सुटे खिळे लावायचा, ते काम असेम्ब्लरच्या (एकेक आज्ञा यंत्रसंकेतात मांडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जवळचं. लिंकर तयार तुकडे जोडतो. माझं नाव आहे म्हणून सांगत नाही, पण गाडी कुठल्या रुळावर जाणार ते सांधेवालाच ठरवतो.

काना_मात्रा: सांधा बदलणं म्हणजे डबे जोडणं नव्हे हो. ते शंटिंग.

अर्धविराम: मंडळी, चुकीच्या त्या ओळीचं काय?

सांधेवाला: ती इंग्रजीतच ठेवा, लोक तीच शोधायला टाकतात. पण शंटिंगवाले डबे जोडतात, ते कुठल्या रुळावर उभे राहून?