४५ डिग्रीत पाच-तीस इंजिन ऑइल चालतं का? डिझेलवाल्यांनी यावं

तापीकाठ:
परवा इथे एकाने ठोकून दिलं, "मे महिन्यात आपल्याकडे ४५-४६ जातं. कंपनीचं ५डब्ल्यू-३० म्हणजे पाणी. नवी असो की जुनी, डिझेलला २०-५०च टाका." खाली सगळे "बरोबर भो, बरोबर भो". दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

बाहेर ४५ असो की १२, थर्मोस्टॅट इंजिनचं पाणी ९०च्या आसपास धरून ठेवतो. तेलाला भुसावळचं ऊन कळत नाही, इंजिनचं कळतं. मागचा आकडा म्हणजे १०० डिग्रीवर तेल किती जाड, ते सेंटिस्टोकमध्ये मोजतात. तीस म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, चाळीस म्हणजे तिथून १६.३ पर्यंत, पन्नास त्याच्याही वर. पुढचा पाच थंडीतल्या स्टार्टचा. माझी २०२१ची बीएस-६ गाडी आहे, डीपीएफवाली, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी असलेली. पुस्तकात ५-३०, सी-३ (जाळीवाल्या गाड्यांचं कमी राखेचं तेल) असं स्वच्छ छापलंय. त्यात २०-५० ओतू? कोणाच्या भरवशावर?

जिभाऊ धुळेकर:
पुस्तक वाचून गाडी चालत नाही. माझी २०१२ची डिझायर २ लाख ६० हजार चालली. पाच-तीस असताना दोन सर्व्हिसच्या मधे लिटरभर तेल प्यायची. ६० हजारानंतर १५-४० टाकलं, पिणं बंद. पाच माणसं, एसी चालू, भर मे महिन्यात लळिंग घाट. काटा हलला नाही. आता सांगा सेंटिस्टोक.

तापीकाठ:
जिभाऊ, तुमच्या गाडीला डीपीएफच नाही. आणि लिटरभर तेल पीत होती म्हणजे आत कुठेतरी झीज होती. जाड तेलाने ती झाकली, बरी नाही केली.

जिभाऊ धुळेकर:
२ लाख किलोमीटर झाकली! अशी झाकणारी वस्तू मला रोज द्या.

गॅरेज_चाळीसगाव:
दोघं जरा थांबा. जिभाऊ, सकाळी पहिल्या सेल्फला इंजिनातली टायमिंगची साखळी खडखडते का? त्या इंजिनात साखळी ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. जाड तेल वर पोचायला वेळ घेतं, तेवढ्यात झीज होते. पण तापीकाठ, तुमच्या पाच-तीसवाल्यांचाही एक गैरसमज आहे. पुढचा १५ असेल तरी उणे २० पर्यंत इंजिन फिरतं. तोरणमाळलासुद्धा तेवढी थंडी कधी पडत नाही. जुन्या बोलेरोला १५-४० घाला, बिनधास्त. डीपीएफवाल्या गाडीत मात्र ट्रकचं तेल घालू नका. काजळी जाळता येते, तेलाची राख जळत नाही. ती जाळीत बसते ती बसतेच.

जिभाऊ धुळेकर:
खडखडते. दोन सेकंद. म्हातारा माणूस उठताना कण्हतो, तसं. त्यात काय?

सावद्याची_सून:
मधेच विचारते. आमच्या नव्या डिझेल गाडीत तेल कमी होण्याऐवजी वाढतंय. डिपस्टिकवर खुणेच्या वर बोटभर. घर ते केळीचा मळा ४ किलोमीटर, एवढंच चालते. सासरे म्हणतात, बरकत आहे.

गॅरेज_चाळीसगाव:
ताई, बरकत नाही, डिझेल आहे. जाळीतली काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते. तेवढ्यात तुम्ही मळ्यात पोचून चावी फिरवता. अर्धवट राहिलेलं डिझेल खाली तेलात उतरतं. तेल आत्ताच बदला. मग आठवड्यातून एकदा २०-२५ मिनिटं सलग ६०च्या वर चालवा.

जळगाव_खोटेनगर:
सलग ६०! कुठे भो? अजिंठा चौफुली ते खोटेनगर दुसऱ्या गिअरमध्ये जातो मी. पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे रिक्षा उलटी घुसते. ज्याने ही जाळी काढली त्याला एक दिवस इच्छादेवी चौकात संध्याकाळी सहाला उभा करा.

सावद्याची_सून:
आमच्याकडे रस्त्यावर केळीच्या ट्रकांची रांग. ६० सोडा, ३० मिळाले तरी आरती ओवाळू.

नंदुरबारी:
म्हणून पेट्रोल घ्या म्हणतो. ४ किलोमीटरला डिझेल कोण घेतं?

जळगाव_खोटेनगर:
तुम्ही घेऊन द्या मग! शोरूममधल्या पोराने विचारलं का, रोज किती चालवता म्हणून? मायलेज सांगितलं, सनरूफ दाखवलं, पेढे दिले. जाळी आहे हे मला पहिला पिवळा दिवा लागला तेव्हा कळलं.

नंदुरबारी:
न वाचता सही करायची आणि रडायचं.

जळगाव_खोटेनगर:
काय सांगी ऱ्हायना भो! तू पूर्ण पुस्तक वाचलंय? शप्पथ घे.

तापीकाठ:
धागा तेलाचा आहे, मंडळी. तो २०-५०वाला कुठे गेला?

जिभाऊ धुळेकर:
तो पळाला, मी आहे. २०-५० मी कधीच म्हटलं नव्हतं, लिहून घ्या. आणि पोराने बीएस-६ घेतलीय, तिच्यात घालीन बापा तुमचं सी-३, नाहीतर तुम्ही झोपू देणार नाही. डिझायरला मात्र १५-४०च. खडखड मला ऐकू येते, तुम्हाला नाही. पोराच्या गाडीसाठी आणलेला १५-४०चा डबा ट्रॅक्टरात जाईल.

गॅरेज_चाळीसगाव:
ट्रॅक्टरचं पुस्तक बघितलं का, जिभाऊ?