मदत हवी आहे: शाळेचं रेटिंग ४, लेक खूश, नवरा नाखूश. घर बदलावं का?

बकुळफूल

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या, त्यातही मिडलसेक्स काउंटीतल्या पालकांचा सल्ला हवा आहे. बाकीच्यांनीही लिहा, पण "आमच्याकडे टेक्सासात असं नसतं" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

लेक दुसरीत आहे. सप्टेंबरात तिसरीत जाईल, म्हणजे पुढच्या स्प्रिंगमध्ये तिची पहिली एनजेएसएलए, राज्याची वार्षिक परीक्षा. ओक ट्री रोडच्या देशी बाजारापासून वीस मिनिटांवर भाड्याने राहतो. लीज जुलैअखेर संपतंय आणि यंदा घर घ्यायचंच असं ठरलंय.

शाळा पब्लिक, पाचवीपर्यंतची. वर्गात २२ मुलं. निम्म्यांच्या घरी स्पॅनिश, मग गुजराती, तेलुगू, अरबी, उर्दू, एक घानाची मुलगी आणि मराठी आमचं एकटीचं. लेक रोज उड्या मारत जाते. बाईंबद्दल तक्रार नाही. वाचायला मनापासून लागली आहे.

घर शोधायला लागल्यावर मात्र डोक्याला भुंगा लागला. झिलोवर, म्हणजे घरं शोधायच्या साइटवर, प्रत्येक घराखाली ग्रेटस्कूल्सचा आकडा दिसतो; ही साइट शाळांना दहापैकी रेटिंग देते. आमच्या शाळेचा ४. दहा मैलांवरच्या टाउनमधल्या शाळेचा ९. तिथे तशाच घराला दीड लाख डॉलर जास्त, प्रॉपर्टी टॅक्स वेगळाच. राज्याच्या साइटवर बघितलं तर आमच्या शाळेत तिसरीच्या गणितात ३४ टक्के मुलं "पास".

नवऱ्याचं म्हणणं सरळ आहे: शितावरून भाताची परीक्षा. त्याला चौथीची स्कॉलरशिप मिळाली होती, त्यामुळे टक्के म्हटलं की तो ताठ बसतो. सासूबाई आल्या आहेत, त्या म्हणतात पोर आनंदात आहे तर हलवू नका. एजंटला विचारलं तर ती म्हणते, "शाळेबद्दल मी काही बोलू शकत नाही, तुम्हीच बघा." एवढं कमिशन घेणार आणि एवढंही सांगणार नाही?

माझा प्रश्न: ३४ टक्के म्हणजे शाळा वाईट शिकवते असाच अर्थ होतो का? नसेल, तर शाळा चांगली शिकवते की नाही हे बघायचं कुठे?

---

उगाच_एक

एजंटवर रागावू नका. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याप्रमाणे वंश, धर्म, मूळ देश वगैरे बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे किंवा वस्तीपासून दूर वळवणं बेकायदेशीर आहे. "ती शाळा चांगली नाही" हे वाक्य पूर्वी त्याच कामाला वापरलं जायचं. म्हणून शहाणे एजंट तोंड बंद ठेवतात आणि आकड्याकडे बोट दाखवतात. आता तेच काम आकडा करतो, हा भाग वेगळा.

---

पाऊलवाट

बकुळताई, मी शेजारच्या काउंटीत सबस्टिट्यूट टीचर आहे. तीन वर्षं या परीक्षेला वर्गात पहारा दिलाय, म्हणून आतून काय दिसतं ते सांगते.

आधी ते "पास" मनातून काढा. मी पहारा दिला त्या वर्षांत एनजेएसएलएचे गुण ६५० ते ८५० मध्ये असायचे आणि पाच पातळ्या असायच्या. ७५० आणि वर म्हणजे पातळी ४ किंवा ५, त्यांनाच टक्क्यात धरतात. ७४९ वाला पातळी ३, तो टक्क्याच्या हिशोबात शून्य. ६६० वालाही शून्यच. काठावरची दहा मुलं एका गुणाने अलीकडे राहिली की शाळा "घसरली". शिवाय ही पट्टी आपल्या ३५ मार्कांसारखी नाही, बरीच वर आहे. कोविडनंतरच्या वर्षांत गणितात अख्ख्या राज्याची सरासरीच निम्म्याच्या खाली आहे. आणि लेक ७४० ला राहिली म्हणून राज्य तिला तिसरीत बसवत नाही. ही परीक्षा पोराची कमी, शाळेची जास्त.

आता शिताबद्दल. शितावरून परीक्षा कधी होते? सगळा तांदूळ एका वेळी पातेल्यात टाकला असेल तर. इथे काही तांदूळ जानेवारीत पडलेला असतो. माझ्या एका वर्गात हिवाळ्यात ग्वाटेमालाहून आलेला मुलगा होता. पहिल्या वर्षी अशा मुलांना इंग्रजीच्या पेपरातून सूट असते, गणिताचा द्यावा लागतो. गणित स्पॅनिशमधून देता येतं, पण तो स्पॅनिशही शाळेत धड शिकलेला नव्हता. बेरीज-वजाबाकी तोंडी फटाफट करायचा. शाब्दिक उदाहरण आलं की स्क्रीनकडे बघत बसायचा. जूनपर्यंत तो इंग्रजीत भांडायला लागला होता, पण परीक्षा मे महिन्यात होऊन गेली होती.

आणि टायपिंग! परीक्षा कॉम्प्युटरवर असते. आठ वर्षांचं पोर उतारा वाचून निबंध टाइप करतं. ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे ती दहाही बोटं चालवतात. बाकीची एका बोटाने "के" कुठे आहे ते शोधतात. डोक्यात वाक्य तयार असतं हो, बोटाला सापडत नाही.

---

गणिताचा_तास

पाऊलवाट यांनी माणसं सांगितली, मी आकडे सांगतो.

समजा दोन शाळा आहेत, दोन्हीत १००-१०० मुलं. पहिलीत ८० मुलं खात्यापित्या घरची, २० मुलं अडचणीतली. पहिल्या गटातली ७५ टक्के आणि दुसऱ्यातली ४० टक्के पातळी ४ ओलांडतात. एकूण ६० अधिक ८, म्हणजे ६८ टक्के. दुसऱ्या शाळेत खात्यापित्या घरची ३० आणि अडचणीतली ७०. तिथे पहिल्या गटातली ८० टक्के आणि दुसऱ्यातली ४५ टक्के ओलांडतात. एकूण २४ अधिक ३१.५, साधारण ५६ टक्के.

म्हणजे दुसरी शाळा दोन्ही गटांत सरस आणि एकूण आकड्यात बारा टक्क्यांनी मागे. झिलोवर लोक पहिलीसाठी दीड लाख जास्त मोजतील.

म्हणून गटवार आकडे बघा. ते उघड करणं शाळांना बंधनकारक आहे. २००२ च्या नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायद्यापासून तिसरी ते आठवी दरवर्षी परीक्षा आणि निकाल वंश, उत्पन्न, भाषा, अपंगत्व यांप्रमाणे वेगळे मांडणं सुरू झालं. त्याच कायद्याने २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं पास करायचं ठरवलं होतं. ते काही झालं नाही. २०१५ च्या नव्या कायद्याने ते लक्ष्य काढून टाकलं, पण परीक्षा आणि गटवार निकाल ठेवले. मला विचाराल तर त्या सगळ्या खटाटोपातली कामाची गोष्ट एवढीच.

दुसरं, राज्याच्या स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये "स्टुडंट ग्रोथ" नावाचं पान शोधा. मागच्या वर्षी ज्यांना साधारण सारखे गुण होते अशा राज्यभरच्या मुलांशी तुलना करून यंदा प्रत्येक मूल किती पुढे गेलं ते काढतात आणि शाळेचा मधला आकडा देतात. ४० ते ५९.५ म्हणजे नेहमीची प्रगती. ६० च्या वर असेल तर शाळा जोरात शिकवते आहे. तिसरीचा आकडा यात मिळणार नाही, कारण त्याआधीची परीक्षाच नसते. तिसरीपर्यंतच्या छोट्या शाळांना हे पान असून नसल्यासारखं. तुमची पाचवीपर्यंत आहे, म्हणजे सापडेल.

स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरचे असे निकाल गोळा करून साइट केली आहे, शाळेचं नाव टाकून बघता येतं. त्यांना दिसलं ते असं: सरासरी गुण पालकांच्या आर्थिक स्थितीशी घट्ट बांधलेले असतात, पण वर्षागणिक किती शिकलं याचा त्या स्थितीशी संबंध बराच सैल असतो. शिकागोच्या पब्लिक शाळांना सगळे नावं ठेवायचे. तिथली मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांएवढं पुढे जात होती.

ग्रेटस्कूल्सच्या ४ वर क्लिक करा. आत चाचणीचे गुण, प्रगती आणि समता असे वेगळे आकडे असतात. बाहेर फक्त सगळ्यांचा मिळून एक आकडा दिसतो.

---

अडकित्ता

सगळं पटलं. तरीही दुसरी बाजू मांडतो, रागावू नका.

आमचा मुलगा अशाच शाळेत चौथीपर्यंत होता. प्रगतीचा आकडा ६० च्या वर, बाई सोन्यासारख्या. पण वर्गात पहिलीचं वाचणारी आणि सहावीचं वाचणारी मुलं शेजारी शेजारी. बाईंचा जीव कुठे जाणार? जे मागे आहेत त्यांच्याकडे, आणि तेच बरोबर आहे. माझा मुलगा पंधरा मिनिटांत काम संपवून कोपऱ्यात पुस्तक वाचायचा. तीन वर्षं. शेवटी हललो.

नव्या टाउनमध्ये काय आहे? शाळेचं रेटिंग ९ आणि वर्गातली निम्मी मुलं दुसरीपासून संध्याकाळी गणिताच्या क्लासला. त्या ९ मधले किती शाळेचे आणि किती क्लासचे, देव जाणे. मुलाला आता कंटाळा येत नाही, घाबरायला होतं. दुरून डोंगर साजरे.

पश्चात्ताप आहे का? नाही. पण आधी एक गोष्ट करायला हवी होती. २०२० च्या कायद्याप्रमाणे न्यू जर्सीतल्या प्रत्येक डिस्ट्रिक्टला बालवाडीपासून बारावीपर्यंत पुढे असलेल्या मुलांसाठी सोय करावीच लागते. मुलं कशी निवडतात, आठवड्यात किती वेळ देतात, हे मी कधी विचारलंच नाही. गप्प बसलो आणि घर विकत घेतलं.

---

बकुळफूल

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री नवऱ्याला शेजारी बसवून रिपोर्ट उघडला. ग्रोथ: गणित ५८, भाषा ५४. म्हणजे नेहमीच्या पट्ट्यात, गणित वरच्या कडेला. नऊवाल्या शाळेचं काढलं. गणित ५१, भाषा ५६. नवरा दोन मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला, "साइट चुकीची असेल." भाताचा विषय मात्र पुन्हा निघालेला नाही.

गटवार तक्ता बघायला गेलो तर एशियन मुलांच्या रकान्यात नुसती एक चांदणी. मुलं दहापेक्षा कमी असली की आकडा झाकतात म्हणे. म्हणजे माझ्या लेकीसारख्या मुलांचं काय होतं ते मला कुणी सांगणारच नाही?

एक वेगळीच गोष्ट मनाला लागली. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा आकडा इतका खाली की बघवेना. ती मुलं खरंच मागेच राहतात का?

---

पाऊलवाट

नाही हो. ज्याला इंग्रजी येत नाही तो त्या रकान्यात, येऊ लागलं की काही काळाने तो रकान्यातून बाहेर. सुधारलेली मुलं सोडून जाणार आणि नवी येऊन बसणार, मग आकडा वर कसा जाईल? दवाखान्यात आजारी माणसंच दिसणार. माझा ग्वाटेमालावाला आता पाचवीत आहे, परवा मला गणितात चूक दाखवली.

चांदणीचं वाईट वाटून घेऊ नका. एका इयत्तेत ६० मुलं असली तर सहा मुलांनी दहा टक्के इकडचे तिकडे होतात. दहाच्या आतल्या गटात त्या आकड्याला काही अर्थच नसतो. तुमच्या लेकीबद्दल तिच्या बाई जास्त सांगतील.

बाय द वे, ॲडमिशनच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म भरला तेव्हा काय लिहिलंत?

---

बकुळफूल

:) इंग्रजी. सगळ्यांनी घाबरवलं होतं, मराठी लिहिलंस तर ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात, टाकतील म्हणून. आता लाज वाटते आहे. घरी सासूबाईंशी ती अख्खा दिवस मराठीतच भांडते.

---

उगाच_एक

आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या देशी मुलांची मातृभाषा त्या फॉर्मवर इंग्रजीच आहे. शेक्सपिअरचे वंशज.

---

अडकित्ता

मुख्याध्यापकांना भेटायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. पाच वर्षांपूर्वीचे किती शिक्षक अजून आहेत? काम लवकर संपवणाऱ्या मुलाला पुढे काय देता? आणि शक्य असेल तर चौथीच्या गणिताच्या तासाला दहा मिनिटं मागे बसू द्याल का? तिसऱ्या प्रश्नावर त्यांचा चेहरा बघा.

---

बकुळफूल

फोन केला. मंगळवारी सकाळी दहाला बोलावलंय, चौथीच्या वर्गातही बसू देणार आहेत. नवरा ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढून येतोय, हे मला अपेक्षित नव्हतं. घरं बघणं महिनाभर थांबवलंय. एजंटला तसं कळवलं, ती "ओके" म्हणाली.

रिपोर्टमध्ये आणखी एक पान होतं: दीर्घ गैरहजेरी. दहा टक्के दिवस चुकवले की मूल त्यात मोजलं जातं. वर्षाचे दिवस १८०, म्हणजे १८. गेल्या वर्षी दिराच्या लग्नासाठी आम्ही डिसेंबरात पुण्याला गेलो आणि जानेवारीच्या शेवटी परतलो. म्हणजे शाळेचा तो आकडा वाढवायला आम्हीही हातभार लावलाय.

यंदा नणंदेचं लग्न आहे. तिकिटं अजून काढलेली नाहीत.