मदत हवी आहे : सागवनातल्या रस्त्यावर धावताना घड्याळात कोणती उपग्रह प्रणाली निवडावी?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका खेड्यात शिक्षक असून, गावातील आठ मुलांकडून रोज पहाटे पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याचा सराव करून घेतो. अंतर मोजायला माझ्या मनगटावरचे स्पोर्ट्स वॉच एवढेच साधन आहे. उन्हाळ्यापर्यंत आम्ही कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर धावत होतो आणि डोक्यावर मोकळे आकाश असल्यामुळे घड्याळाबद्दल कधी तक्रार नव्हती. पावसाळ्यात मात्र तिथली काळी माती बुटाला शेर-शेर चिकटते, म्हणून जुलैपासून आम्ही सागवनातून जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर आलो आणि तिथूनच घोळ सुरू झाला.

गेल्या रविवारी शाळेचा ५० मीटरचा टेप बत्तीस वेळा ताणून १६०० मीटरवर चुन्याची खूण केली. तेवढ्याच अंतराला घड्याळाने एकदा १.५३ आणि एकदा १.६८ किलोमीटर दाखवले. १.६८ दाखवणारे घड्याळ १.६० ला वाजते, तेव्हा मुलगा प्रत्यक्षात १५२५ मीटरच्या आसपासच पोहोचलेला असतो. एकाची वेळ अशीच ५ मिनिटे २ सेकंद आली. पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. पूर्ण अंतराचा हिशेब केल्यावर ती ५ मिनिटे १७ सेकंदांच्या घरात गेली. "सर, घडी खोटं बोलते का जी?" या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

घड्याळात फक्त जीपीएस, जीपीएस व ग्लोनास (रशियाची प्रणाली), जीपीएस व गॅलिलिओ (युरोपची प्रणाली) असे तीन पर्याय आहेत. ड्युअल बँड, म्हणजे दोन वारंवारतांवर संकेत घेण्याची सोय, नाही. आजवर मी बॅटरी वाचावी म्हणून पहिलाच पर्याय ठेवला. आमच्या भागासाठी यांपैकी कोणता योग्य ठरेल, ड्युअल बँडचे महाग घड्याळ घेतल्याने खरोखर फरक पडेल का, आणि आपल्या देशाची नाविक प्रणाली या यादीत का दिसत नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

सर, दुखणे पानांत आहे. उन्हाळ्यात साग उघडाबोडका असतो. पावसाळ्यात त्याची सुपाएवढी ओली पाने रस्त्यावर छप्पर धरतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असल्याने त्यांचा संकेत इथे पोहोचेपर्यंत मुळातच क्षीण झालेला असतो. पानांतले पाणी त्यातला काही भाग शोषून घेते, आणि उरलेल्यातला काही खोडांवर आपटून उशिरा येतो. घड्याळाला तो उशीर म्हणजे जास्त अंतर वाटते आणि नकाशावरची रेघ नागमोडी होते.

अशा वेळी दिसणाऱ्या उपग्रहांची संख्या वाढवणे हा पहिला उपाय, म्हणून फक्त जीपीएस आजच बंद करा. उरलेल्या दोनांत मी गॅलिलिओ निवडेन. ग्लोनासच्या कक्षा ६४.८ अंशांनी कललेल्या असल्याने त्याचा खरा लाभ रशियासारख्या उत्तरेकडच्या देशांना होतो, आणि आपण तर २० अक्षांशाच्या आसपास आहोत. शिवाय गॅलिलिओ जीपीएसच्याच १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर, म्हणजे एल१ पट्ट्यावर, बोलतो.

ड्युअल बँडमध्ये एल५ हा दुसरा पट्टा मिळतो. एल१ वरील नागरी सांकेतिक मालिकेचा (उपग्रह पाठवतो त्या ठोक्यांच्या ओळीचा) एक ठोका अंतरात मोजला तर सुमारे २९३ मीटर भरतो आणि एल५ चा सुमारे २९ मीटर. त्यामुळे उशिरा आलेला परावर्तित संकेत एल५ वर वेगळा ओळखणे सोपे जाते. मात्र पानांनी संकेत क्षीण केला असेल तर त्यावर हे औषध नाही, आणि बॅटरीही जास्त खर्च होते. केवळ या रस्त्यासाठी एवढे पैसे घालू नका, असेच मी म्हणेन.

नाविकचे सुरुवातीचे उपग्रह एल५ आणि एस पट्ट्यांवर काम करतात, तर एकाच पट्ट्याचे साधे घड्याळ फक्त एल१ ऐकते. एल१ ची सोय २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या नाविक उपग्रहापासून झाली.

एक विचारायचे राहिले : घड्याळ मोबाईलशी शेवटचे कधी जोडले होते? उपग्रहांच्या जागांची आगाऊ माहिती त्यातूनच येते आणि ती काही दिवसांतच शिळी होते. निघण्यापूर्वी मोकळ्या जागी दोन-तीन मिनिटे थांबत जा. आणि १६०० मीटरची चाचणी मात्र चुन्याच्या खुणेवरच घ्या. घड्याळाचे बटण वेळेसाठी हाताने दाबा.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. गावात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीपाशी येत असल्याने घड्याळ दोन महिने मोबाईलशी जोडलेच गेले नव्हते. आता जोडून गॅलिलिओ सुरू केले. तीन दिवसांत सागवनातल्या त्याच अंतराचे आकडे १.५८ ते १.६३ च्या दरम्यान आले. चाचणी चुन्याच्या खुणेवर घेतली, त्या मुलाची वेळ ५ मिनिटे १५ सेकंद भरली. आता मुले पहाटे आधी टाकीपाशी जमतात.