मदत हवी आहे: मुलीचं तोंड सतत उघडं राहतं, आधी कोणाला दाखवू?

नमस्कार. माझी मुलगी ७ वर्षांची आहे. चित्रं काढताना, टीव्ही बघताना, अगदी झोपेतही तिचं तोंड उघडंच असतं. ओठ फुटलेले, रात्री घोरणं, सकाळी उशीवर लाळ. घरचे म्हणतात, सवय आहे, जाईल. पण आता तिचं गिळणंही वेगळं वाटतंय. घोट घेताना जीभ पुढच्या दातांमध्ये येते आणि हनुवटी आक्रसते. दाढा मिटल्या तरी पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत, त्यामुळे पोळीचा घास ती दाढेनेच तोडते. 'ससा' म्हणताना 'थथा' ऐकू येतं. वर्गात मुलं चिडवतात म्हणून हल्ली ती वाचायला उभीच राहत नाही. याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

दंतवैद्यांनी जीभ अडवणारी तार सुचवली आहे. आधी तार लावावी की स्पीच थेरपी घ्यावी? मुंबईत कुठे जावं?

प्रतिसाद:
ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जा. वाढलेले अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी), टॉन्सिल किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी यांमुळे नाक बंद असेल, तर 'तोंड मीट' म्हणून ती मिटणार कशी? झोपेत श्वास मध्येच अडकतो का, ते बघा. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. अडकत असेल तर अजिबात थांबू नका.

जीभ पुढे ढकलून गिळणं तान्ह्या बाळात स्वाभाविकच, पुढे बहुतेकांचं ते आपोआप सुटतं. एरवी जिभेने वरच्या दातांमागे टाळूला टेकून राहायला हवं. ती खाली, पुढे पडून राहिली की दातांवर सतत हलका दाब येतो. तार जिभेला अडवते, पण श्वासाची आणि गिळण्याची सवय तीच राहिली तर तार काढल्यावर वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधली फट परत येऊ शकते. म्हणून ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे दंतवैद्य) आणि स्पीच थेरपिस्ट यांनी मिळून ठरवलेलं बरं. जिभेखालचा पडदा आखूड आहे का, तेही तपासून घ्या. वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणदोषांवर काम करणारी संस्था आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय, दोन्हीकडे चौकशी करा.

आणि तिच्या बाईंशी बोला. उपचार सुरू होईपर्यंत तिला एकटीला वर्गासमोर वाचायला लावू नका म्हणावं.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार. रात्री ओठांना टेप लावण्याचे व्हिडिओ पाहिले, ते करू का?

प्रतिसाद:
नको. नाक बंद असलेल्या मुलाला तोंडाचाच आधार असतो. तपासणीआधी टेप मुळीच लावू नका.