कॉन्स्टंटाइनच्या नाण्यांवरचा सूर्यदेव खरंच हद्दपार झाला का?

नाणेवेडा: ‘इ.स. ३१२ ची मिल्व्हियन पुलाची लढाई जिंकून रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ताकडे वळला आणि रोमन नाण्यांवरचे जुने देव एका दिवसात हद्दपार झाले’ असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय. साफ चूक! पुढे सुमारे ३१८ पर्यंत कॉन्स्टंटाइनच्या कांस्य नाण्यांवर सूर्यदेव उभा आहे. डोक्याभोवती किरण, उजवा हात वर, डाव्यात गोल, आणि ‘सोली इन्व्हिक्टो कोमिटी’. अजिंक्य सूर्य, सम्राटाचा सोबती. लंडन, ट्रियर, आर्ल, रोम, सगळीकडच्या टाकसाळींतून.

पैलतीर: ते मीच लिहिलं, आणि ठाम आहे. टाकसाळवाले जुनंच चित्र गिरवत राहतात. राजाचं मन बघायचं तर ३१५ चं तिसिनम टाकसाळीचं चांदीचं पदक बघा. शिरस्त्राणावर खी-ऱ्हो आहे, म्हणजे ख्रिस्ताच्या ग्रीक नावातल्या पहिल्या दोन अक्षरांचं चिन्ह.

नाणेवेडा: पदकं खाशा लोकांना. बाजारहाट करणाऱ्याच्या हातात कांस्यच पडायचं. शिवाय ठसे झिजतात, सतत नवे कोरावे लागतात. दरवेळी सूर्य चुकून कोरला?

जुनाबाजार: माझ्याकडे यातलंच एक आहे. लिंबू-मीठ लावून लख्ख केलं.

कासारआळी: अरे देवा! जुन्या नाण्यावरचा तो थर म्हणजे घाण नव्हे, अक्षरं त्याच्यातच शाबूत असतात. वर मीठ? क्लोराइड आणि दमट हवा एकत्र आली की फिकट हिरवी भुकटी सुटते, नाणं पोखरत जातं. मला एका विक्रेत्याने असंच ‘स्वच्छ’ नाणं विकलं. पावसाळ्यात सूर्याचा चेहराच गेला.

जुनाबाजार: नाणं माझं, पैसे माझे. आजीने तांब्याची भांडी जन्मभर लिंबानेच घासली, एकही पोखरलं नाही.

कासारआळी: भांडी रोज धुऊन पुसली जातात. सतराशे वर्षं मातीत पडलेली नसतात! तुमच्यासारख्यांमुळेच चांगला माल नासतो.

पैलतीर: भांडी पुरे. ३२७ चं कॉन्स्टँटिनोपलचं नाणं घ्या. सापाला भोसकणारा ध्वज, टोकावर खी-ऱ्हो. कांस्यच आहे.

नाणेवेडा: आहे, मान्य. पण दुर्मीळ. ३३७ मध्ये तो वारल्यावरची कांस्य नाणी बघा. डोक्यावरून वस्त्र, नावाआधी ‘दिव्हस’, म्हणजे जुन्या रोमन रिवाजाने देवपदाला गेलेला. मागच्या बाजूला चार घोड्यांचा रथ, आणि वरून त्याला घ्यायला आलेला देवाचा हात. जुना रोमन आणि ख्रिस्ती, दोन्ही धर्म एकाच नाण्यावर.

पैलतीर: आणि हात सूर्याचा नाही. ‘एका दिवसात’ एवढं मागे घेतो, बाकी नाही.

जुनाबाजार: कासारआळी, मग आता करू काय?

कासारआळी: ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. नंतर पूर्ण सुकवा. आणि लिंबू सरबताला ठेवा.