फ्लॅनन बेटांवरचे तीन दीपरक्षक : फॉरवर्डमधलं खरं किती?

तन्वी: (फॉरवर्ड) "स्कॉटलंडजवळच्या ओसाड बेटावरचं दीपगृह. टेबलावर अर्धवट टाकलेलं जेवण, उलटी पडलेली खुर्ची, नोंदवहीत रडणाऱ्या माणसांची वर्णनं. आणि तिघेही गायब!" काका, यातलं खरं किती?

मधले काका: तिघे गायब झाले हे खरं. बाकी सगळं मागून चिकटवलेलं. डिसेंबर १९०० ची गोष्ट आहे. बेट आयलन मोर, फ्लॅनन बेटांतलं सगळ्यात मोठं. दीपगृह सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. जेम्स डुकाट मुख्य रक्षक, थॉमस मार्शल सहायक आणि डोनाल्ड मॅकआर्थर हा बदली माणूस.

तन्वी: मग जेवण आणि खुर्ची कुठून आली?

ओंकारदादा: कवितेतून. विल्फ्रिड गिब्सनची 'फ्लॅनन आइल', १९१२ ची. प्रत्यक्षात २६ डिसेंबरला हेस्पेरस बोटीतून उतरून बदलीसाठी आलेला रक्षक जोसेफ मूर पहिल्यांदा आत गेला, तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी घासून लख्ख होती. त्यावरून त्याने अंदाज बांधला, की दुपारचं जेवण उरकून, आवरून ते बाहेर पडले असावेत. दिवाही पुसून, तेल भरून रात्रीसाठी तयार होता.

आत्या: ही दिव्याची गोष्ट फार महत्त्वाची आहे रे. रात्री दिवा पेटता ठेवायचा, सकाळी विझवायचा, मग साफ करून भरून ठेवायचा, हा त्यांचा रोजचा क्रम. पाटीवरची शेवटची नोंद १५ डिसेंबरच्या सकाळी ९ ची, वायुभारमापक, तापमान आणि वारा. त्याच रात्री आर्क्टर नावाच्या जहाजाला तिथला दिवा दिसला नाही. म्हणजे सकाळची कामं झाली आणि संध्याकाळी दिवा लागलाच नाही. त्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. जेवणानंतरचे दोन-तीन तास, एवढाच काळ उरतो.

तन्वी: आणि ती रडारडीची नोंदवही?

मधले काका: १९२९ मध्ये एका अमेरिकन मासिकात आलेला मजकूर तो. बनावट ओळखायला अवघड नाही. दीपगृहाच्या वहीत हवामान आणि दिव्याच्या वेळा लिहितात. 'डुकाट गप्प आहे, मॅकआर्थर रडतोय' असं सहायकाने आपल्या वरिष्ठाबद्दल सरकारी वहीत लिहिणं शक्यच नाही. शिवाय खरी वही १३ तारखेपर्यंतच भरलेली होती. १४ आणि १५ चे आकडे वहीत उतरवायचे राहिले होते, ते फक्त पाटीवर होते. त्या बनावट मजकुरात मात्र १५ तारखेचीही नोंद आहे.

ओंकारदादा: खरा ऐवज म्हणजे दीपगृह विभागाचे अधीक्षक रॉबर्ट म्युरहेड यांचा ८ जानेवारी १९०१ चा अहवाल. ते स्वतः २९ डिसेंबरला बेटावर पोचले होते. पूर्वेचा धक्का जसाच्या तसा. पश्चिमेच्या धक्क्यावर मात्र लोखंडी कठडे पिळवटलेले. ११० फुटांवर खडकाच्या कपारीत दोर ठेवायची पेटी बसवलेली होती, ती नाहीशी आणि दोर खाली विखुरलेले. एक टनाहून जड दगड वरून सरकून वाटेवर आलेला. २०० फुटांवर कड्याच्या माथ्याचं गवत कडेपासून सुमारे ३० फुटांपर्यंत सोललेलं.

आत्या: त्यातला लाइफबॉयचा, म्हणजे बुडणाऱ्याकडे फेकायच्या तरंगत्या कड्याचा, भाग मला सगळ्यात आवडतो. कठड्याला बांधलेला लाइफबॉय जागेवर नव्हता, पण त्याचे दोर शाबूत होते. आधी वाटलं, कुणीतरी सोडवून नेला. नीट पाहिल्यावर म्युरहेड यांच्या लक्षात आलं की कठड्यातून घुसलेल्या पाण्याने तो दोरांतून ओरबाडून काढलाय. ११० फुटांवर! गूढ वाटणारी खूण नुसत्या निरीक्षणाने सुटली.

तन्वी: पण वाऱ्याने उडून पडले नसतील?

ओंकारदादा: तेही त्यांनी तपासलं. वारा पश्चिमेचा होता. वाऱ्याने उचललं असतं तर माणसं समुद्राकडे नाही, बेटाच्या चढाकडे फेकली गेली असती आणि माथा गाठायच्या आत त्यांनी जमिनीवर अंग टाकलं असतं. म्हणून निष्कर्ष असा : पेटी आणि दोर सांभाळायला ते पश्चिमेकडे गेले, एक अवाढव्य लाट खडकावर चढून त्यांच्याही वर गेली आणि परत येताना त्यांना घेऊन गेली.

मधले काका: मला तो पटतो, पण एक कच्चा दुवा आहे. १५ ते २६ मध्ये अकरा दिवस गेले. हवा इतकी वाईट होती की २० तारखेला ठरलेली बदलीची फेरीसुद्धा लांबली. मग कठडे त्या दुपारी वाकले की नंतरच्या वादळात, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. फॉरवर्ड लिहिणारे हा प्रश्न कधीच विचारत नाहीत, भुताचा विचारतात.

तन्वी: तिघेही एकदम का गेले पण? एकाने दिव्यापाशी थांबायचं असतं ना?

आत्या: खरं कोडं तेच, तन्वी. डुकाट आणि मार्शलचे समुद्री बूट नि पावसाळी कपडे जागेवर नव्हते, म्हणजे ते तयारीने गेले. मॅकआर्थरचा कोट मात्र घरातच होता. तो सदऱ्यावर धावला. एक जण पाण्यात पडला आणि दुसऱ्याने वर येऊन त्याला हाक मारली, किंवा मोठ्या लाटा येताना वरून दिसल्या आणि तो सावध करायला पळाला. दोन्ही शक्य आहे.

ओंकारदादा: आत्या, पण फाटक आणि बाहेरचं दार बंद होतं, असं मूरने लिहिलंय. जिवाच्या आकांताने धावणारा माणूस फाटक लावून जाईल?

आत्या: दार वाऱ्यानेही लागू शकतं. फाटकाची कडी कशी होती त्यावर आहे. वर उचलून अडकवायची असेल तर वारा ती लावणार नाही, आपोआप बसणारी असेल तर लावेल.

मधले काका: तन्वी, पुढे पाठवायचंच असेल तर जेवण, खुर्ची आणि वही काढ. कोट, तयार दिवा, लाइफबॉय आणि बंद फाटक ठेव. आणि तिघांची नावं घाल, फॉरवर्डमध्ये ती कधीच नसतात.